गेममधला तो आणि घरातला तो

रविवारची वंदना आटोपली, खीरदान झालं, की विहाराच्या मागच्या भिंतीला पोरांचा घोळका बसतो. चार मोबाईल आणि आठ-दहा डोकी. "मागं बघ, मागं! गच्चीवर हाये तो!" असा गलका चालू असतो. नगर शहरात असो की तालुक्याच्या गावी, आपल्या बहुतेक वस्त्यांत आज हेच चित्र दिसेल.

"पोरं गेममध्ये पार गुंग झालीत, आरोग्याच्या पानावर यावर काहीतरी लिहा," असं वस्तीतल्या आया-मावश्या आम्हाला कित्येक दिवसांपासून सांगत होत्या. लिहिण्याआधी नीट बघावं म्हणून आम्ही एका रविवारी त्या घोळक्यात जाऊन बसलो. उपदेश करायचा नाही, नुसतं बघायचं, असं आधीच ठरवलं होतं.

बघता बघता आमचं लक्ष गोळीबारावरून उडालं आणि पडद्यावर पळणाऱ्या माणसांकडे गेलं. एकाचा गडी उंच, गोरापान, निळ्या केसांचा. दुसऱ्याच्या हाती चक्क एक मुलगी होती. तिसऱ्याच्या गड्याच्या तोंडावर मुखवटा, त्यामुळे चेहराच दिसेना. आम्ही पहिल्याला विचारलं, "यातला तू कोण?"

"हा काय, हाच मी."

"पण तुझ्यासारखा तर दिसत नाही."

पोरगा हसला. "काका, माझ्यासारखाच करायचा असता तर गेम कशाला खेळलो असतो?"

तो सहज बोलून गेला, पण आमच्या डोक्यातून ते वाक्य जाईना. गेममधलं माणूस बनवताना पोरं स्वतःलाच तिथं उभं करतात का? करत नसतील, तर कुणाला करतात? आणि त्याचा मनावर, शरीरावर काय परिणाम होतो? या वेळच्या पानाचा विषय हाच आहे.

बाहुलं बनतं कसं

ज्या पालकांनी गेम कधी उघडून पाहिला नसेल, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया, म्हणजे पोरं ज्याला बीजीएमआय म्हणतात तो खेळ, २०२१ मध्ये आपल्याकडे सुरू झाला. त्याआधीच्या पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली होती. बीजीएमआयमध्ये खातं उघडतानाच बाई की पुरुष, चेहरा कसा, केस कसे, रंग कोणता हे निवडावं लागतं. मग एक टोपणनाव घ्यायचं. पुढे कपडे, बूट, टोप्या, बंदुकीवरची नक्षी हे सगळं मिळवत जायचं, नाहीतर पैसे देऊन विकत घ्यायचं.

फ्री फायरची तऱ्हा वेगळी. त्यात बहुतेक पात्रं तयारच असतात आणि प्रत्येकाचा एकेक खास गुण असतो. हृतिक रोशनवर बेतलेलं 'जय' नावाचं पात्रही त्यात आलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, पण त्याचा भाऊबंद फ्री फायर मॅक्स पोरांच्या मोबाईलवर चालूच राहिला.

थोडक्यात, कुठे स्वतः घडवायचं, कुठे तयार मालातून निवडायचं. पण दोन्हीकडे पोरगं म्हणतं, "हा मी."

हुबेहूब नाही, थोडा सुधारलेला

या प्रश्नावर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. २००७ साली तिथल्या तीन संशोधकांनी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा खेळ खेळणाऱ्या ५१ जणांना प्रश्न विचारले. तुम्ही स्वतः कसे आहात, तुम्हाला कसं व्हावंसं वाटतं आणि तुमचं गेममधलं पात्र कसं आहे? उत्तरांची तुलना केल्यावर दिसलं की पात्र हे खेळाडूपेक्षा त्याच्या मनातल्या आदर्श माणसाच्या जवळ जाणारं होतं. आणि जे मुळात उदास होते, ज्यांचं स्वतःबद्दलचं मत खराब होतं, त्यांच्यात हा फरक जास्त होता.

म्हणजे पोरगं आपली हुबेहूब नक्कल करत नाही आणि अगदी परका माणूसही बनवत नाही. तो बनवतो थोडा सुधारलेला मी. बुजरा असेल तर बिनधास्त, बारीक असेल तर पैलवान. यात विकृत असं काही नाही. लहानपणी आपणही फाटका टॉवेल पाठीला बांधून राजा झालोच होतो.

आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते या दोघांमधलं अंतर. गेममधला मी आणि घरातला मी यांच्यात चार पावलांचं अंतर असेल तर ती गंमत आहे. पण गेममधला इतका मोठा आणि घरातला इतका नकोसा, की परत घरी यावंसंच वाटू नये, अशी वेळ आली तर पालकांनी कान टवकारले पाहिजेत.

बाहुलं माणसाला बदलतं

आपण बाहुल्याला घडवतो हे खरं, पण बाहुलंही आपल्याला घडवतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्येच हे दाखवून दिलं. त्यांनी काही जणांना संगणकातल्या आभासी खोलीत उंच देह दिला, काहींना बुटका, आणि दोघांमध्ये पैसे वाटून घ्यायला सांगितलं. उंच देह मिळालेले जास्त ताणून धरत होते, स्वतःकडे जास्त ओढत होते. बुटका देह मिळालेले अन्यायाची वाटणीही मुकाट्याने मान्य करत होते. खऱ्या आयुष्यात त्यांची उंची कितीही असो, काही मिनिटांपुरता मिळालेला देह त्यांचं वागणं बदलून गेला.

आपल्या लोकांना हे सांगायला स्टॅनफर्डची गरज नाही. पिढ्यान्पिढ्या ज्यांना वाकून उभं राहायला लावलं, त्यांना ताठ उभं राहिल्यावर काय बदलतं हे चांगलं ठाऊक आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आया-बहिणींना लुगडं नेसण्याची जुनी पद्धत सोडायला आणि जात ओळखू येईल असे जड दागिने टाकायला सांगितलं होतं. पेहराव बदलला की चाल बदलते, चाल बदलली की नजर वर होते, हे त्यामागचं साधं शहाणपण होतं.

याच बेलेन्सन यांनी जेसी फॉक्स यांच्याबरोबर आणखी एक प्रयोग केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना पडद्यावर स्वतःच्याच चेहऱ्याचं बाहुलं पळताना दाखवलं, काहींना परक्याचं. ज्यांनी स्वतःला पळताना पाहिलं, त्यांनी पुढच्या चोवीस तासांत जास्त व्यायाम केला. म्हणजे पडद्यावर आपल्यासारखं माणूस चांगलं काही करताना दिसणं हेही एक औषध आहे.

गोरा का केलास?

आता अवघड भाग. त्या घोळक्यात आम्ही सात-आठ मोबाईल पाहिले. एकाही पोराचा गडी त्याच्या स्वतःच्या रंगाचा नव्हता. रंग निवडायची सोय नव्हती असं नाही. आम्ही विचारलं, "गोरा का केलास रे?" उत्तर आलं, "भारी दिसतो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय पती-पत्नींनी १९४० च्या आसपास एक साधा प्रयोग केला. लहान मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सगळ्या सारख्या, फक्त रंग वेगळा. छान बाहुली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती, असं विचारलं. पुष्कळ काळ्या मुलांनी गोरी बाहुली छान म्हणून उचलली. "तुझ्यासारखी कोणती?" या प्रश्नाला काही मुलं रडवेली झाली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, तेव्हा क्लार्क यांच्या या कामाचा दाखला निकालात घेतला गेला.

आपल्या पोरांच्या हातातली बाहुली आता पडद्यावर आहे, इतकाच फरक. जाहिरात, सिनेमा, लग्नाची स्थळं, आणि कधी कधी आपल्याच घरातली "काळी पडलीस ग उन्हात" ही हाक, यातून "भारी" म्हणजे गोरा हे पोराच्या मनात गेमच्या आधीच बसलेलं असतं. म्हणून नुसता गेमला दोष देऊन भागणार नाही.

रस्ट नावाच्या एका खेळात मजेशीर गोष्ट घडली. २०१५ मध्ये तो खेळ बनवणाऱ्यांनी ठरवलं की खेळाडूचा रंग आणि चेहरा खेळच ठरवील, तो बदलता येणार नाही. पुढच्या वर्षी बाई की पुरुष हेही तसंच ठरवलं. कित्येक खेळाडू चिडले. न विचारता असा देह का चिकटवला, म्हणाले. आम्ही हे वाचलं तेव्हा हसू आलं आणि वाईटही वाटलं. न विचारता, जन्माबरोबर चिकटवलेली ओळख काय असते हे त्यांना एका खेळात कळलं. ते खेळ बंद करून त्यातून सुटू शकत होते.

आडनाव लपवणारं टोपणनाव

रंगाइतकीच नावाची गोष्ट. त्या दिवशी एका पोराच्या टोपणनावात 'भीम' होतं, निळं हृदयही होतं. त्याचाच मित्र म्हणाला, "मी नाही टाकत. वॉइस चालू केलं की शिव्या देतात." अनोळखी खेळाडू नावावरून जात ओळखतात आणि आवाजाच्या सोयीतून घाण बोलतात, म्हणून त्याने इंग्रजी सिनेमातल्या कुणाचं तरी नाव घेतलं होतं. आईच्या मोबाईलवर खेळणारी एक मुलगी मुलाचं नाव लावून खेळते आणि आवाज बंदच ठेवते. मुलगी आहे हे कळलं की लोक काय बोलतात, ते तिने आम्हाला सांगितलं नाही. "जाऊ द्या ना," एवढंच म्हणाली.

ही भीती कल्पनेतली नाही. मे २०१५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शिर्डीला, एका तरुणाचा खून झाला. मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, ती बंद करण्यावरून वाद झाला आणि त्यातून हे घडल्याचं तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. मोबाईलवर आपली ओळख दाखवायची की झाकायची हा प्रश्न आपल्या पोरांसाठी जिवाशी आलेला आहे. म्हणून ज्याने नाव झाकलं त्याला भित्रा म्हणू नये आणि ज्याने दाखवलं त्याला आगाऊ म्हणू नये.

पण सुरक्षिततेसाठी झाकणं वेगळं आणि लाज वाटते म्हणून झाकणं वेगळं. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. फरक पोराला विचारल्यावरच कळतो. लाज आतल्या आत राहिली की ती झोप खाते, भूक खाते, अभ्यासातलं लक्ष खाते.

नवी ओळख घेणं म्हणजे खोटं वागणं, असंही आम्हाला म्हणायचं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्या वाडवडिलांनी लादलेली ओळख टाकून स्वतः निवडलेली ओळख घेतली. तिथे लपायचं नव्हतं, उजेडात यायचं होतं. पोरगं गेममध्ये नवा माणूस बनवत असेल तर तो त्याला उजेडात आणतो आहे की लपवतो आहे, एवढंच पाहायचं.

कपडे बाहुल्याचे, खिसा बापाचा

आपलं बाहुलं "भारी" दिसावं या इच्छेवरच या कंपन्यांचा धंदा चालतो. खेळ फुकट असतो, कपडे विकत. बीजीएमआयमध्ये त्यासाठी यूसी लागतात, फ्री फायरमध्ये डायमंड. ते खऱ्या रुपयांनी घ्यायचे. कित्येक वेळा हवा तो पोशाख थेट मिळत नाही. पेटी उघडायची, नशिबात असेल तर निघेल. हा सोडतीचाच प्रकार झाला. नुसत्या साध्या कपड्यांत खेळणाऱ्या पोराला बाकीचे चिडवतात. शाळेत गणवेश सगळ्यांना सारखा असतो, इथे गरिबी पुन्हा अंगावर दिसते.

एमआयडीसीत बारा तास उभं राहून आणलेल्या पगारातून किंवा धुण्याभांड्याच्या पैशातून हे पैसे जात असतात. मोबाईलला जोडलेल्या खात्याचा पिन पोराला माहीत असेल तर आजच बदला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण बाहुल्याचे कपडे विकत घेणं त्या बंदीत येत नाही. ते घरालाच सांभाळावं लागेल. खात्यातून फसवणुकीने पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

काळजी केव्हा करायची

खेळतो म्हणजे आजारी, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या नव्या यादीत खेळाच्या व्यसनाला जागा दिली आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. पहिली, खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा यावर ताबा राहत नाही. दुसरी, जेवण, शाळा, मित्र या सगळ्यांच्या आधी खेळ येतो. तिसरी, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो, वाढतो. हे साधारण वर्षभर चाललं आणि त्याने घर, शिक्षण, काम यांचं मोठं नुकसान झालं, तरच डॉक्टर त्याला आजार म्हणतात.

त्याआधीच्या बारीक खुणा मात्र घरात दिसतात. पोरगं आरशात बघणं टाळतं, फोटो काढू देत नाही. "मी काळा आहे", "मी कामाचा नाही" असं वरचेवर बोलतं. खेळ बंद केला की चिडतं, पण खेळतानाही खूश नसतं. रात्री गोधडीत उजेड दिसतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्यांना आठ ते दहा तास झोप लागते. ती तुटली की चिडचिड, डोकेदुखी, वर्गात डुलक्या हे सगळं मागोमाग येतं.

घरात करता येईल असं

आधी शेजारी बसा. मोबाईल हिसकावून घेऊ नका. "यातला तू कोण?" असं विचारा. मग "हा असाच का केलास?" विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. मध्येच बोललात तर पोरगं पुन्हा सांगणार नाही.

घरात रंगावरून बोलणं बंद करा. चेष्टेतही नको. आजीने म्हटलं तरी प्रेमाने थांबवा.

वेळ ठरवा आणि तो सगळ्या घराला लावा. बीजीएमआय मे २०२३ मध्ये परत आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. पण पोरगं मोठ्याचं वय टाकून खातं उघडतं, तिथे ती मर्यादा लागत नाही. खात्यात वय कोणतं टाकलंय ते पाहा. आणि तीन तास हेही शाळेच्या दिवसाला जास्तच आहेत. झोपेच्या एक तास आधी सगळ्यांचे मोबाईल एका फळीवर ठेवा, बापाचाही.

आवाजाच्या सोयीतून कुणी जातीवरून किंवा मुलगी म्हणून शिवी दिली तर उलट शिवी न देता त्याचा आवाज बंद करा, खेळातच तक्रार करा, पडद्याचा फोटो काढून ठेवा. धमकी असेल तर वस्तीतल्या जाणत्या माणसांना घेऊन पोलिसांकडे जा. पोराला एवढं मात्र सांगा, की शिवी देणाऱ्याची घाण आहे, ऐकणाऱ्याची नाही.

खऱ्या अंगाने भारी वाटेल असं काहीतरी रोज हवं. कबड्डी, लेझीम, भीमजयंतीचं ढोलपथक, विहारातला अभ्यासवर्ग, काहीही. ज्याला मैदानात चार लोकांनी नावाने हाक मारली, त्याला पडद्यावरच्या नावाची भूक कमी लागते.

एवढं करूनही पोरगं कोमेजलेलं वाटलं, मरणाची भाषा बोललं, स्वतःला इजा केली, तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८ आहे. आपल्या आशाताईंना विचारा. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर बघतात. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे.

शेवटी

निघताना आम्ही त्या निळ्या केसांच्या गड्यावाल्या पोराला म्हटलं, "एक काम करशील? तुझ्यासारखा एक बनवून दाखव." त्याने आधी टाळलं. मग मित्रांनी आग्रह केला आणि सगळे मिळून बनवू लागले. "रंग अजून थोडा घे." "केस असे नाहीत याचे." "अरे, नाक बघ ना, डिट्टो!" हसून हसून पोरं लोळली. दहा मिनिटांनी पडद्यावर एक सावळा, आखूड केसांचा पोरगा उभा राहिला.

त्याने तो ठेवला नाही. पुढच्या डावाला निळे केस परत आले. आम्हाला त्याचं वाईट वाटलं नाही. पण मोबाईल खिशात घालण्याआधी त्याने त्या सावळ्या पोराचा फोटो काढून आईला पाठवला, हे आम्ही पाहिलं. तुमच्या घरीही एकदा असा गडी बनवून पाहा. रंग कोणता घ्यायचा यावर जे बोलणं होईल, तेच मुळात व्हायला हवं होतं.